शंभरातून सात

त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट. शंभरातून सात-सात वजा करत जायचं. पंचवीस वर्षं मेडिकल चालवणाऱ्या बाईला त्यात काय अवघड? पण आता कुणी नुसतं शंभर म्हटलं तरी मी विषय बदलते. का, ते सांगते.

मी पद्मजा मगदूम. जयसिंगपुरात सहाव्या गल्लीत खाली आमचं मेडिकल, वर घर. यजमान गेल्यापासून दुकान मीच बघते. वर माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई. माझा दीर भरतेश आणि त्याची बायको त्रिशला. त्यांची मुलगी चंदना पुण्याला नोकरीत. मला अख्खी गल्ली अक्का म्हणते आणि औषध विचारायला डॉक्टरच्या आधी माझ्याकडे येते. याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू!

चौदा महिन्यांपूर्वी त्रिशला शाळेत फळ्यापुढे उभी असताना तिच्या हातातला खडू गळून पडला. छाती धडधडायला लागली, हात बधिर, घशाला कोरड. आता मी मरणार, असं तिला वाटलं. ईसीजी स्वच्छ. दहा दिवसांनी बाजारात पुन्हा तेच, मग एकदा देवळाच्या पायरीवर. हा घबराटीचा झटका आहे, हृदयाचा नव्हे, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यावर इलाज आहे, हेही सांगितलं.

ती दुकानात आली, काउंटरच्या आत येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "अक्का, माझ्या नावावर नको."

"का गं?"

"चंदनाला स्थळं बघताहेत."

तिला पुढचं सांगावं लागलं नाही. हल्ली पत्रिकेच्या जोडीला घराची आरोग्य-नोंद मागतात. कुणाला मधुमेह, कुणाला काय, सगळं मोबाईलवर उलगडून बघतात. मनाच्या आजाराचं औषध दिसलं की 'कळवतो' म्हणून उठतात ते उठतात. तेव्हा मी काय केलं? मी स्वतः शमन केंद्राच्या डॉक्टरांपुढे कॅमेऱ्यावर बसले, त्रिशलाची लक्षणं माझी म्हणून सांगितली आणि माझ्या नावावर शमन चकती घेतली. माझं वय बावन्न, वजन चौऱ्याहत्तर. त्रिशला सेहेचाळीस किलोची. यंत्र शेवटी तिच्याच अंगावर बसणार, ते बघून घेईल, असा माझा हिशेब. कप्पाळ माझं!

चकती काय असते ते थोडक्यात सांगते. रुपयाच्या नाण्याएवढी, दंडावर चिकटते. खालच्या बाजूला केसाहून बारीक सुया, टोचलेल्या कळतसुद्धा नाहीत. त्या कातडीखालच्या पाण्यात कॉर्टिसोल किती आहे ते मोजतात. माणूस ताणाखाली आला की शरीर हे द्रव्य सोडतं. नाडीची लय, तळव्याचा घाम हेही चकती टिपते. ताण दिसला की त्याच सुयांमधून औषधाचा कण सोडते. ताण उतरला की पुन्हा दिवसभराच्या बारीक मूळ थेंबावर येते. पूर्वी लोक गोळी घ्यायचे, विसरायचे, मग दोन घ्यायचे. ती भानगड गेली.

औषध मात्र जुन्याच घराण्यातलं. मेंदूत एक ब्रेक असतो. गाबा नावाचं द्रव्य तो दाबतं आणि विचारांची पळापळ आवरते. हे औषध त्या ब्रेकवर आपला पाय ठेवतं. थोडे आठवडे उत्तम. पण महिनोन्‌महिने दुसऱ्याचा पाय असला की मेंदू स्वतःचा ब्रेक सैल सोडतो. मग औषध एकदम बंद केलं तर गाडी सुसाट सुटते. थरथर, भ्रम आणि फिट्स. उलट औषध जास्त झालं तर झोप, आणि झोपेच्या पुढे गेलं की श्वास मंदावतो. म्हणून वाढवायचं तेही डॉक्टरला विचारून आणि उतरवायचं तेही त्यांनाच विचारून, पायरी-पायरीनं. हे मी गिऱ्हाइकांना तोंडपाठ सांगत आले.

डॉक्टरांनी तीन महिनेच म्हटलं होतं, वर समुपदेशनही सांगितलं होतं. आता त्रिशलाच्या ऐवजी मी जाऊन रडू कशी? ते राहिलंच. दर तीन महिन्यांनी मी कॅमेऱ्यासमोर बसायचे, "बरं वाटतंय, चालू ठेवा," म्हणायचे. तीनाचे चौदा झाले. त्रिशला शाळेत जायला लागली, हसायला लागली, चंदनाचं इचलकरंजीच्या चौगुल्यांकडे ठरलं. अनंत चतुर्दशी झाली की साखरपुडा. मी स्वतःवर खूश होते.

मग पर्युषण आलं, चतुर्दशीपर्यंतचे दहा दिवस. त्रिशलानं दहा उपवास धरायचं ठरवलं. दहा दिवस अन्न नाही. दिवसातून एकदाच उकळून गार केलेलं पाणी. आम्हा जैनांत हे मोठं व्रत. ती मला विचारायला आली, "अक्का, दहा दिवस चकती काढून ठेवू का? औषध घेतलं तर उपवास मोडेल ना?"

"खबरदार!" मी म्हटलं. "एकदम काढलीस तर फिट येईल. आणि तोंडातून कुठं जातंय ते? राहू दे दंडावर गुपचूप."

तिचा जीव भांड्यात पडला. घरात चकती थायरॉईडची म्हणून सांगितलेली होती, ती आपली ब्लाउजच्या बाहीखाली राहिली. मी एक धोका ओळखला आणि त्याच ऐटीत दुसऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सहाव्या दिवशी सकाळी दुकानात ही गर्दी. पावसाळी ताप होता गावात. तेवढ्यात फोन वाजला. शमन केंद्राचा यंत्र-आवाज, अगदी गोड बाई.

"पद्मजाताई, दोन दिवस तुमचा ताण बराच वाढलेला दिसतोय. चकती ठरलेल्या मर्यादेला पोचली आहे. काही विशेष कारण?"

मला वाटलं, त्रिशलाला साखरपुड्याचं टेन्शन आलं असणार. तेरसेला चौगुले मंडळी तिला भेटायला येणार होती. मी म्हटलं, "घरात कार्य आहे."

"समजलं. मर्यादा वाढवण्याआधी तुमची जाग तपासते. शंभरातून सात वजा करत जा."

समोर एक आजोबा खोकताहेत, बाटली दाखवताहेत. मी त्यांना खुणेनं थांबवलं आणि धडाधड म्हटलं, "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट, अठ्ठावन्न."

"छान. तुम्ही पूर्ण जाग्या आहात. मर्यादा वाढवली आहे."

आजोबा म्हणाले, "हुशार आहात की अक्का!" मी हसले. आठव्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा तेच आकडे, पुन्हा छान.

दोन्ही संध्याकाळी मी वर जाऊन बघून आले होते हो. त्रिशला भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली, हातात जपमाळ. कपाळावर एक आठी नाही. आत्याबाई तिला बघून हात जोडत होत्या. गल्लीतल्या बायका येऊन पाया पडत होत्या. मी म्हटलं, चला, औषध लागू पडतंय.

तेरसेला, म्हणजे नवव्या दिवशी, अकरा वाजता चौगुले पती-पत्नी आले. मी दुकान ओढून घेऊन वर गेले. त्रिशला चटईवर, पांढऱ्या साडीत. चौगुलेबाई समोर बसल्या आणि म्हणाल्या, "चेहऱ्यावर काय शांती आहे हो! नऊ दिवस पोटात काही नसताना."

मी कौतुकानं बघायला लागले आणि माझी नजर माळेवर गेली. बोटं एका मण्यावर थांबली होती. मी वाट बघितली. मणी पुढे सरकेना.

"त्रिशला."

मी गुडघ्यावर बसले, तिचा हात धरला. गार. "त्रिशला, ए!" पापण्या अर्ध्या उघडल्या. "अक्का... झालं... थोडं..." जीभ जड, शब्द लडबडलेले. मान पुन्हा खाली.

"वहिनी, ध्यानात आहे ती," भरतेश म्हणाला. "हात लावू नका."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तिचा श्वास मोजला. मिनिटाला सात. माणूस चौदा-पंधरा घेतो. त्या एका मिनिटात मला सगळं उमगलं. उपाशी शरीर साखर मिळवण्यासाठी स्नायू मोडतं, आणि त्यासाठी कॉर्टिसोलच वाढवतं. ताण असो की उपवास, द्रव्य एकच. चकतीला आधी कळवलं की ती उपवासाचं गणित वेगळं मांडते. पण या चकतीच्या नोंदीत उपवास नव्हताच, कारण पद्मजा मगदूम जेवत होती! चकतीला दिसत होती घाबरलेली चौऱ्याहत्तर किलोची बाई. ती कण सोडत राहिली. शंका आली तेव्हा तिनं फोन केला. तो फोन मी घेतला आणि खणखणीत आवाजात सांगितलं की मी जागी आहे.

मीच तिला हे पाजलं होतं, आकडे म्हणून-म्हणून.

"भरतेश, रुग्णवाहिका बोलाव. आत्ताच्या आत्ता!" मी ओरडले आणि केंद्राला फोन लावला. स्पीकर लावावा लागला, कारण दोन्ही हातांनी मी त्रिशलाला कुशीवर वळवत होते.

"पद्मजाताई, नमस्कार. आधी तुमची जाग तपासते. शंभरातून—"

"चकती माझ्या अंगावर नाहीये! औषध थांबव!"

"क्षमा करा, समजलं नाही. तुमचा आवाज सुस्पष्ट आहे. शंभरातून सात वजा करत जा."

"अगं बये, ती मरतेय!"

"घाबरू नका. ताण जास्त वाटतोय का? मर्यादा वाढवण्यासाठी शंभरातून सात वजा करत जा."

माझ्या जिभेवर त्र्याण्णव आलंच होतं. इतकी सवय. मी ओठ घट्ट मिटून घेतले. या बाईला माझं बोलणं कळत नव्हतं, पण माझं गप्प बसणं कळलं असतं.

"पद्मजाताई, उत्तर द्या."

मी गप्प.

"बोला की वहिनी! गप काय बसलाय?" भरतेश किंचाळला. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. खोलीत कुणी हललं नाही. त्रिशलाचा एक श्वास आला. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग दुसरा आला.

"उत्तर नाही. पुन्हा विचारते. शंभरातून सात..."

देवा, लवकर आटप, लवकर आटप, असं मी मनात घोकत होते.

"उत्तर नाही. जादा औषध थांबवलं आहे. चकती मूळ थेंबावर आणली आहे. डॉक्टरांना जोडते आहे."

दोन घंटा वाजल्या आणि खऱ्याखुऱ्या माणसाचा आवाज आला. "मी डॉक्टर अल्मास मुजावर. पेशंट पद्मजा मगदूम, वय बावन्न, वजन चौऱ्याहत्तर. बरोबर?"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. बरोबर म्हटलं असतं तर? चौगुल्यांना काही कळलं नसतं, माझं लायसन राहिलं असतं, त्रिशलाची लाज झाकली असती. आणि डॉक्टरांनी माझ्या वजनाच्या बाईचा इलाज सांगितला असता. खोटं नाही सांगत, एक क्षण मी अडखळले. त्या क्षणाची मला आजही शरम वाटते.

"नाही," मी म्हटलं. "पेशंट माझी जाऊ आहे. त्रिशला मगदूम, सत्तेचाळीस वर्षं, उपवासाआधी सेहेचाळीस किलो. चिंतेच्या आजाराची चकती, चौदा महिने, माझ्या नावावर. मी फार्मासिस्ट आहे, मीच बसवली. आज उपवासाचा नववा दिवस आहे, दिवसातून एकदाच पाणी. श्वास मिनिटाला सात. जागतेपणाची परीक्षा तिच्याऐवजी दोनदा मी दिली."

डॉक्टर अगदी कामापुरतं बोलल्या. "कुशीवरच ठेवा. हनुवटी वर. तोंडात पाणी घालू नका, फुप्फुसात जाईल. श्वास मोजत राहा. गाडी निघाली आहे."

"कसली चकती? थायरॉईडची ना ती?" भरतेशला आत्ता अर्थ लागत होता. त्यानं झडप घालून तिची बाही वर सारली. "काढून टाकतो ही अवदसा!"

"हात लावू नका!" डॉक्टर आणि मी एकदमच ओरडलो. मी त्याचं मनगट धरलं. "गेलेलं औषध ती काढल्यानं बाहेर येत नाही, भरतेश. आणि मूळ थेंब तुटला तर तिला फिट येईल. या अशक्तपणात फिट आली तर संपलं."

"उताऱ्याचं इंजेक्शन असतं ना?" चौगुले घाबरून विचारत होते.

"इतके महिने औषध घेतलेल्याला तेही देता येत नाही पटकन," डॉक्टर फोनवरून म्हणाल्या. "त्यानंही झटके येतात. ऑक्सिजन, सलाईन आणि पहारा, एवढंच."

सलाईन म्हणजे उपवास मोडणार. भरतेश थबकला. त्यानं आत्याबाईंकडे बघितलं. एकच दिवस राहिला होता. परवा पारणं, मंडपवाल्याला सांगून झालेलं, तीनशे माणसं जेवायला. आत्याबाई चौऱ्याऐंशीच्या. उभ्या आयुष्यात त्यांनी व्रत मोडलं नव्हतं. त्या काठी टेकत उठल्या, त्रिशलाच्या हातातली माळ सोडवून घेतली आणि म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघतोस? पोरगी गेल्यावर पारणं काय माझ्या डोस्क्यावर करणार हाईस? उचल तिला."

गाडी आली, पण जिना अरुंद. स्ट्रेचर वळेना. शेवटी भरतेशनं तिला खुर्चीत बसवून खाली आणलं, मी उलट्या पावलांनी उतरत तिची हनुवटी धरून होते. खाली गल्लीतल्या बायका हात जोडून उभ्या. त्यांना वाटलं, उपवासानं ग्लानी आली. मी कुणाला काही बोलले नाही. तोंड उघडायची माझी लायकी राहिली नव्हती.

गाडीत नळीनं ऑक्सिजन, फुग्यानं श्वास. अंकली पुलावर तिचे श्वास पाचवर आले. तिथं मला रडू फुटलं, मोठ्यानं. सांगलीच्या दवाखान्यात दुपारी तीनला दहा झाले, संध्याकाळी बारा. मग तिनं डोळे उघडले, हातातली सलाईनची सुई बघितली आणि तोंड फिरवलं.

ती वाचली. नऊ दिवसांनी घरी आली. त्यानंतर दीड महिना ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

आता चकती तिच्या नावावर आहे, तिच्या वजनाची. मुजावर डॉक्टर दर पंधरवड्याला मूळ थेंब चिमूटभर कमी करतात. पूर्ण उतरायला दहा-अकरा महिने लागतील. मधे दोन वाईट आठवडे गेले, हात थरथरायचे, झोप नाही. तेव्हा त्यांनी उतरणं थांबवलं आणि पुन्हा हळू सुरू केलं. शुक्रवारी ती समुपदेशनाला जाते, भरतेश सोडायला जातो. साखरपुडा पुढे ढकलला. ढकलला की मोडला, हे चौगुल्यांनी अजून कळवलेलं नाही. माझं लायसन एक वर्षासाठी काढून घेतलंय. ते योग्यच झालं. चौकशीवाल्यांनी चकतीची तासातासाची नोंद मला दिली. दिवसाला एक, अशी सव्वाचारशे पानं. मी ती रोज बंद दुकानात बसून वाचत असे. दुसरं काम काय होतं मला?

काल दुपारी त्रिशला शटरखालून वाकून आत आली. समोरच्या स्टुलावर बसली. मी समोरची पानं मिटली.

"अक्का, एक विचारायचंय," ती म्हणाली. "खरं सांगायचं. आता माझ्या बऱ्यासाठी म्हणून काही करू नका."

"विचार."

"त्या उपवासात मला इतकं शांत वाटलं, तसं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. भूक नाही, भीती नाही. मला वाटलं, काहीतरी मिळालं मला." तिनं स्टूल पुढे ओढलं. "ती शांती माझी होती, की त्या चकतीची?"

तुझीच गं, असं म्हणायला माझी जीभ वळवळली. तिचं भलं करायची माझी जुनी खोड. मी ती पानं तिच्यापुढे ठेवली आणि चौथ्या दिवसावर बोट ठेवलं. "इथून पुढची चकतीची. इथून तिनं सोडायला सुरुवात केलीय, बघ. आठव्या दिवशी तर चौपट."

तिनं ओठ दाताखाली धरले. डोळे भरून आले. ती उठायला लागली.

"थांब. मागची पानं बघ." मी उलटली. "पहिला दिवस. दुसरा. तिसरा. नुसता मूळ थेंब. त्याच्या वर एक कणसुद्धा नाही. चौदा महिन्यांत असे सलग तीन दिवस दुसरे नाहीत, मी सगळी पानं बघितली. शाळेच्या सुट्टीतही नाहीत. हे तीन तुझे."

ती कितीतरी वेळ त्या रिकाम्या रकान्यांवरून बोट फिरवत राहिली.

"तीन?" तिनं विचारलं.

"तीन."

तिनं पदरानं डोळे पुसले. "मग पुढच्या वर्षी तीनच धरीन."

"मुजावर डॉक्टरांना विचारून," मी म्हटलं.

"माझ्या नावानं, मी विचारीन," ती म्हणाली आणि ती तीन पानं फाडून घेऊन वर गेली.